शालिनीबाईंची किळस

शालिनीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी कुठल्याशा मुलाचा ओला मोजा सांडशीत धरला होता. तोंड उलट्या दिशेला, डोळे घट्ट मिटलेले, हात शक्य तितका लांब. मोज्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं. "शीऽऽ! काय मेलंय यात कोण जाणे," म्हणत त्यांनी तो दोरीवर टाकला आणि मागे वळून मला विचारलं, "तूच मीना ना? मदतीला आलेली? तुला उलटीबिलटी होत नाय ना गो? इथं ती सवलत फक्त मला हाय."

रोह्यात एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांची बालवाडी होती. त्या पेणहून रोज एसटीने यायच्या. मी नुकतीच लग्न होऊन रोह्यात आले होते. नवरा धाटावच्या कारखान्यात शिफ्टला जायचा आणि मला घरात करमत नसे. पहिल्या आठवड्यातच माझ्या मनात आलं, एवढी किळस येणाऱ्या बाईने लहान मुलांत आयुष्य का काढावं? शेंबूड, चहात विरघळलेलं बिस्कीट, चोखून ओला केलेला खडू, यातलं काहीही दिसलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. तरी नाक त्याच पुसायच्या. पुसताना "अरे देवा, अरे देवा" चालू असायचं आणि ते पोर हसून लोळत असायचं.

आषाढात पाऊस धरला की मुलांना अंगणात सोडता येत नसे. मग बाईंचा दिवस खरा रंगायचा. खिडकीच्या गजांना जुन्या साड्या बांधून त्या तंबू करायच्या. पत्र्याच्या पागोळीखाली डबे, वाट्या, टोप मांडायच्या आणि मुलांनी डोळे मिटून कुठलं भांडं वाजतंय ते ओळखायचं. काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांच्या शर्यती लागायच्या. भेंडीची देठं रंगात बुडवून भिंतीला लावलेल्या कागदावर फुलं उठायची.

पण मुलांचा सगळ्यांत आवडता होता तो शीचा खेळ. पडवीच्या कडेला जे सापडेल ते आणून बाईंना दाखवायचं. वेटोळं झालेला वाणी किडा, गोगलगाय, शेवाळाचा गोळा, गांडूळ. बाई नुसतं "शी" म्हणाल्या तर ठीक. "ईऽऽ" म्हणाल्या तर टाळ्या. आणि खुर्चीवर चढल्या तर आणणाऱ्याचा जयजयकार. मग आणलेलं जिथल्या तिथे नेऊन सोडायचं, हात धुवायचे.

"बाई, मुद्दाम करता ना हे?" मी एकदा विचारलं.

"मुद्दाम? हा काटा बघ हातावर. पोरांना खोटी किळस लगेच समजते गो. मग मजा काय राहिली?"

मंगी माझ्या पहिल्याच वर्षी आली. नदीकाठच्या आदिवासी वाडीतली, पाच वर्षांची. आईबाप मिळेल त्या मजुरीला जायचे. बाईंनीच वाडीत जाऊन तिला आणली होती. खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर घेऊन यायची आणि दाराशी बसून राहायची. महिनाभर तिने तोंडातून शब्द काढला नाही. एका सकाळी शीच्या खेळात ती उठली, पावसात गेली आणि दोन्ही हातांत जिवंत खेकडा घेऊन बाईंसमोर उभी राहिली. खेकड्याचे पाय वळवळत होते. बाई किंचाळून खुर्चीवर चढल्या, तिथून टेबलावर. पोरांनी घर डोक्यावर घेतलं. मंगी खदखदून हसली आणि म्हणाली, "बाई भ्याली!" त्या दिवसापासून तिचं तोंड थांबलं नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांना शाडू मळायला दिली. जोह्याच्या एका गणपती कारखान्यातून बाईंनी ती मागवली होती. मोठी परात, तिच्यात पाणी आणि माती, भोवती सगळी पोरं. मातीत हात घालायचं काम माझं. बाई दोन हात लांब उभ्या राहून सांगत होत्या, "हत्तीची सोंड जाड कर. कान चिकटव. शी, किती बुळबुळीत!" पाऊस वाढला म्हणून चिनूची आई त्याला लवकर न्यायला आली. तिने पाहिलं, चिनूचे आणि मंगीचे हात एकाच गोळ्यात. तिने त्याला दंडाला धरून ओढलं, आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं आणि म्हणाली, "बाई, हिचं वेगळं ठेवत जा ना. याच हातांनी हा घरी जेवतो."

चिनूचे हात मातीने भरले होते, पण तिने बोट दाखवलं होतं मंगीकडे. मंगीने हात परातीतून काढून फ्रॉकला पुसले.

बाई पदर खोचून खाली बसल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्या गढूळ पाण्यात घातले. मी पाहत होते, त्यांना खरोखरच उमासे येत होते. डोळ्यांत पाणी आलं. तशाच त्या म्हणाल्या, "बघताय? मला ओकारी येते. ही मातीची येते. पोरीची नाय कधी आली. आणि आता तुमच्या बोलण्याची येतेय, ती मातीहून मोठी हाय." मग मंगीकडे वळल्या. "ये गो, आपला हत्ती मोडलाय, सरळ कर."

चिनू दुसऱ्या दिवसापासून आला नाही. त्याच्या आईने पालकांच्या ग्रुपवर स्वच्छतेबद्दल लांबलचक लिहिलं. कुणी जातीचा शब्दही काढला नाही. फक्त 'इन्फेक्शन', 'पावसाळा', 'लहान जीव' असं सगळं. खाली अंगठे उठत गेले. दिवाळीपर्यंत निम्मी मुलं गेली. काहींच्या आया बाईंना बाजारात भेटल्या की गोड बोलायच्या, "घरापासून लांब पडतं हो." बाई मान हलवायच्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "या खोट्या हसण्यापेक्षा गांडूळ बरं."

उरलेल्या मुलांवर त्यांनी ते वर्ष रेटलं. मंगी पहिलीत गेली, झेडपीच्या शाळेत. नंतर खोल्यांच्या मालकाने जागा परत मागितली आणि बालवाडी बंद झाली. बाईंनी कुणाशी भांडण केलं नाही. साड्या, टोप आणि भेंडीच्या फुलांचा एक कागद घेऊन त्या पेणला बहिणीकडे गेल्या.

गेल्या श्रावणात त्यांच्या बहिणीचा फोन आला. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी गेले तेव्हा बहीण औषधं आणायला निघाली होती आणि बाईंचं अंथरूण खराब झालं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी चादर काढली, त्यांना पुसलं, कपडे बदलले. खोलीत वास भरला होता, खिडकी उघडावी तर पावसाचा मारा आत येत होता. मी श्वास रोखून धरला होता, ते त्यांना समजलं.

"किळस येते ना गो?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्यासमोर ते जमलं नाही. "येते बाई," मी म्हणाले.

त्या वळल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या असाव्यात. "बहीण रोज म्हणते, काय नाय, काय नाय. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तू खरं बोललीस. येते, आणि तरी पुसलंस." मग डोळे मिटून म्हणाल्या, "साबण मोरीत हाय. चांगला फेस कर. आणि घाई नसेल तर बस जरा."

मी हात धुऊन आले आणि शेवटच्या एसटीची वेळ होईपर्यंत त्यांचा हात धरून बसले. चार दिवसांनी त्या गेल्या. वाडीत निरोप द्यायला मी स्वतः गेले. मंगीची आई भात लावून नुकतीच आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. ती ओट्यावर बसली, मला तशाच हातांनी जवळ ओढलं आणि रडली. माझ्या पांढऱ्या ओढणीवर तिची पाचही बोटं उठली होती. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "शी, हे काय लावून आलीस?" मी म्हणाले, "चिखल आहे, आई. शेतातला." आणि ओढणी तशीच दोरीवर टाकली.