समुद्राची खबर ठेवणाऱ्या काकू

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत सकाळी दोन चौकशा चालत. नळाला पाणी आलं का, ही सगळ्यांची. आणि समुद्र आज कसा आहे, ही एकट्या काकूंची. नळ आठवड्याने येणार आणि समुद्र तर बसने रात्रभर गेल्याशिवाय हाती लागणार नाही. तरी पहिल्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीत मोबाइल धरून गोव्याच्या एका किनाऱ्यावरचा कॅमेरा बघत आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत, "आज लाटा गुडघ्याएवढ्याच. पोहायला झक्कास. फळीवाल्यांचे मात्र हाल हायत." फळीवाले म्हणजे सर्फिंग करणारे.

काकू मूळच्या अजिंठ्याकडच्या. माहेरच्या विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेल्या. लग्न होऊन शहरात आल्या आणि पोहणं सुटलं. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जाऊन एकदा पोहायचं, ही इच्छा त्या उघड बोलून दाखवत. काका म्हणत, "या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक काठावर ऱ्हातील. मी पलीकडं असंन. मला कुठं ऐकू येतंय?"

मी कुणाकडे फारशी जात नसे. पण लाटांचा अंदाज इंग्रजीत येई आणि मी इंग्रजी शाळेतली, म्हणून काकूंनी मला जिन्यातच पकडलं. "ये पोरी, हे ऑफशोअर काय भानगड हाय?"

वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, मी सांगितलं. त्याने लाटा नीट, ओळीत येतात. उलट दिशेने आला की विस्कटतात.

"म्हंजे एक सासरी जाणारं वारं आन् एक माहेरी येणारं," काकू म्हणाल्या. "येताना गोंधळ घालणारच की!"

मग रोजचंच झालं. मी वाचायचे, काकू पोहे परतत ऐकायच्या. मी गप्प का असते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. दुसऱ्या कुणी विचारलं तर परस्पर सांगत, "ती वाचून दमलीय." एकदा 'रिप करंट'वरचा सगळा लेख वाचला. किनाऱ्यावर चढलेलं पाणी एका पट्ट्यातून जोरात परत आत जातं. त्यात सापडलं तर काठाकडे झगडायचं नाही, आडवं पोहून बाहेर पडायचं. "वढ," काकूंनी एका शब्दात आटपलं आणि पोह्यांवर झाकण ठेवलं.

दिवाळीनंतर काका तयार झाले. अट एकच, मी सोबत हवी. त्यांचा भरवसा माझ्या इंग्रजीवर होता. गोव्यात पोचल्यावर मात्र सगळे हिंदीच बोलत होते.

पोहण्याच्या जागेला दोन्ही बाजूंनी झेंडे लावले होते. मध्ये ही गर्दी, लाटा, पोरांच्या किंचाळ्या. काकूंनी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधली, तोंड वाकडं केलं आणि झेंड्यांच्या बाहेर बोट दाखवलं. तिथे एक पट्टा अगदी शांत होता. लाट नाही, फेस नाही. "हे बघ, विहिरीसारखं निवांत," म्हणाल्या आणि सरळ शिरल्या. विहिरीवर पोहायला शिकलेलं माणूस दुसरं काय करणार? त्यांच्या हिशेबात पाणी शांत म्हणजे पाणी भलं.

मी वाचलेलं सगळं इंग्रजीत होतं. समोरचं पाणी त्यात बसायला वेळ लागला. दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मधेच सपाट, गढूळ पट्टा. काकू काठाकडे तोंड करून हात मारत होत्या आणि तरी लहान लहान होत चालल्या होत्या.

"काकू! वढ! वढ हाय ती! आडव्या व्हा, आडव्या!"

सगळा किनारा माझ्याकडे वळला. जीवरक्षक शिट्टी वाजवत धावला. पण तो पाण्यात शिरेपर्यंत काकू आडव्या वळल्या होत्या. लाटांच्या बाजूला आल्या आणि एका लाटेनेच त्यांना वाळूवर आणून टाकलं. नाकातोंडातलं पाणी काढून झाल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "एवढा आवाज कुठं ठिवला होतास गं?"

"बास," काका म्हणाले. "उद्या सकाळचीच गाडी धरू."

रात्री जेवण झाल्यावर काकूंनी पिशवी भरली. वाटलं, संपलं.

सकाळी त्या झेंड्यांच्या मधोमध उभ्या होत्या. जीवरक्षकाला म्हणाल्या, "भैया, नजर रखना. कल जैसा नहीं करूंगी." लाट आली की डोकं खाली, गेली की वर. होता होता फेसाच्या पलीकडे गेल्या. काका त्यांच्या चपला हातात धरून पाण्याच्या कडेला उभे. "वळंना बी, बघ. वळून बघंना बी," एवढंच पुटपुटत होते. मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. तेवढंच माझ्याने झालं.

तिकडे कसं वाटलं, हे विचारायचं राहूनच गेलं. काका निवृत्त झाले आणि दोघं लेकीकडे नागपूरला राहायला निघाली. टेम्पो भरला गेला, तेव्हा जिन्यात एकदाचं विचारलं.

"विहिरीला चहूकडून काठ असतो गं," काकू म्हणाल्या. "कुठंबी तोंड कर, समोर भिंत. तिथं काठ एकाच बाजूला व्हता. त्याच्याकडं पाठ केली आन् लई येळ तशीच पडून ऱ्हायले."

खालून काका ओरडले, "अगं चल, टेम्पोवाला बोंबलायलाय!"

"बोंबलू द्या," काकू म्हणाल्या आणि सावकाश जिना उतरू लागल्या.