अर्धी भाकरी

आमच्या ह्यांच्या, म्हणजे धरणेंद्र चौगुल्यांच्या छातीत वीस वर्षं जळजळायचं. पाठीला उशा लावून बसल्या बसल्या झोपायचे. आंबट ढेकर आला की माझे दीर भरतेश पंगतीतून ताट उचलून लांब जाऊन बसायचे.

गेल्या वर्षी मिरजेत ऑपरेशन झालं, पोटाचं तोंड आवळून घेतलं. जळजळ गेली, पण ढेकरही गेला. आता घास बारीक चावून सावकाश गिळायचा, नाहीतर पोट नगाऱ्यासारखं फुगतं. एका भाकरीला तास लागतो. त्यात आम्ही जैन. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा ह्यांचा लहानपणापासूनचा नेम. म्हणून थंडीत पाचलाच ताट वाढते, आणि हे जेवताना घरात कुणी ह्यांना बोलायला लावत नाही.

परवा भरतेशभाऊजी सांगलीहून आले. ह्यांच्या शेजारी जेवायला बसले आणि तोंडाची टकळी सुरू केली. "आवं दादा, जेवण ग्वाड लागलं न्हाई व्हय? एक ढेकर तरी द्या की!"

ह्यांनी घास कसाबसा गिळला. "वीस वर्षं दिले, तवा ताट घेऊन पळत हुतास. आता मागतोस व्हय?"

तरी भाऊजींचं तोंड थांबेना. बोलता बोलता सूर्य उसाआड गेला. ह्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुतला.

"वहिनी, अजून एक भाकरी वाढा," भाऊजी म्हणाले.

या वेळी त्यांचं ताट मी उचललं. "दिवस मावळला, भाऊजी. ह्या घरात आता कुणी जेवत न्हाई."