वाऱ्यात न उतरलेलं हेलिकॉप्टर

गोंदियाच्या बाजारातून रेल्वे फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रत्नपाल नंदेश्वरचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. एक शटर, आत लांब टेबल, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास आणि दाराशी जळालेल्या पंपांची रांग. टेबलाच्या वर, छताच्या हुकाला, एक हेलिकॉप्टर टांगलेलं आहे. खेळण्यातलं नव्हे. रिमोटवर उडणारं, टेबलाच्या निम्म्या लांबीचं, पाती घडी करून सुतळीने बांधलेलं. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक मान वर करून विचारतंच.

"उडते का हे, भाऊ?"

"उडते."

"मग उडवून दाखव ना."

"माझं नाही," रत्नपाल म्हणतो आणि पुन्हा तार गुंडाळायला लागतो.

रत्नपालने पन्नाशी ओलांडली आहे. आई विड्या वळायची, वडील भाताच्या गिरणीत पोती वाहायचे. आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करून तो या धंद्यात शिरला आणि गिरण्यांच्या मोटरी, शेतातले पंप, उन्हाळ्यात कूलर यांतच त्याचं वय गेलं. पहिलं हेलिकॉप्टरही त्याच्याकडे आलं ते मोटर जळाली म्हणूनच. इंद्रकुमार नावाच्या एका गिरणीमालकाच्या मुलाने ते हौसेने आणलं, दोन-चारदा आपटलं आणि दुकानात टाकून दिलं. मुठीत मावेल एवढी मोटर होती. रत्नपालने ती नव्या तारेने भरली, चालवून पाहिली, निरोप पाठवला. न्यायला कोणी आलं नाही.

त्याच दिवसांत वीरेंद्र कटरे आपल्या शेतावरचा पंप घेऊन दुकानात आला. तो मालगाडीचा ड्रायव्हर. डोंगरगडच्या चढावर गाडी कशी काढायची हे ज्याच्याकडून नवे लोक शिकत, असा. त्याने टेबलावरचं हेलिकॉप्टर उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "माझी गाडी तीन हजार टन, तुझा पंखा तीन किलो. याले काय लागते चालवायले?"

पहिल्याच दिवशी त्याने ते नागऱ्याच्या वाटेवरच्या भात कापलेल्या एका बांधीत आपटलं. मग रत्नपालनेही आपटलं. पुढची काही वर्षं दोघं मोबाइलवर व्हिडिओ पाहत, पाती मागवत, आपटत, दुरुस्त करत शिकले. हळूहळू कामं वाटली गेली. वीरेंद्र उडवायचा, रत्नपाल जुळवायचा. पुढे स्वतः पैसे घालून वीरेंद्रने एक मोठं, चांगलं यंत्र घेतलं; ते दुकानातच असायचं. रत्नपालच्या जुळवणीची ख्याती तर रायपूर-नागपूरच्या हौशी लोकांपर्यंत गेली आणि पार्सलने यंत्रं येऊ लागली.

बघणाऱ्याला वाटतं, मोटर जोरात फिरली की हेलिकॉप्टर वर जातं. तसं नसतं. मोटरचा वेग, म्हणजे थ्रॉटल, एकदा ठरवला की उड्डाणभर तोच ठेवतात. यंत्र वर-खाली होतं ते पात्यांचा कोन बदलल्यामुळे. हा कोन म्हणजे पिच. डाव्या हाताची स्टिक वर ढकलली की पाती हवा खाली रेटतात आणि यंत्र चढतं. मध्ये ठेवली की एका जागी तरंगतं. पार खाली ओढली की पाती उलटी कलतात आणि यंत्राला जमिनीकडे दाबतात. स्टिकच्या कुठल्या जागेला किती कोन द्यायचा, हे रिमोटच्या पडद्यावर एका रेघेने ठरतं. वीरेंद्रची रेघ सरळ चढती होती. खाली उणे चार अंश, वर अधिक दहा. शिवाय एका कळीला तीन खटके होते आणि प्रत्येक खटक्याला वेगळी रेघ. दुसऱ्या खटक्याची रेघ आणखी तीव्र. वारा आला की वीरेंद्र बोटाने कळ सरकवायचा, स्टिक खाली ओढायचा आणि यंत्र दगडासारखं आणून पायाशी अलगद थांबवायचा.

"ब्रेक पाहिजे बाप्पा," तो म्हणायचा. "जाणं कोणालेही जमते. थांबणं जमलं पाहिजे."

मग एक दिवस ड्यूटीवरून घरी आल्यावर आंघोळ करताना वीरेंद्रची डावी बाजू गेली. जीव वाचला. बोलणं परत आलं, पायही बराचसा आला. डावा हात मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला अपात्र ठरवलं आणि रेल्वेने ऑफिसात खुर्ची दिली. तिथे तो शिक्के मारायचा, उजव्या हाताने. घरी रबराचा चेंडू डाव्या मुठीत दाबत बसायचा. दुकानात येऊन हेलिकॉप्टरकडे पाहायचा आणि निघून जायचा. मग एका फाल्गुनात येऊन म्हणाला, "येत्या रविवारी उडवतो. हात आला."

त्याच संध्याकाळी त्याची बायको रुख्मा एकटी दुकानात आली. पदराने घाम पुसत दाराशीच उभी राहिली.

"हात आला म्हणतेत, खरं हाये?" तिने विचारलं.

"तुम्ही घरी पाहता ना वहिनी."

"चहाचा कप धरतेत. पन थरथरते." ती म्हणाली. "भाऊजी, उडवू द्या त्याईले. पन ते पडू नका देऊ. गाडी गेली तवा आम्ही कसंतरी सावरलं. हे आपटलं तं मानूस उठणार नाही."

"नाही पडणार," रत्नपाल म्हणाला.

ती गेल्यावर त्याने शटर अर्धं ओढलं. हेलिकॉप्टर टेबलावर घेतलं, मोटरच्या तारा सोडवल्या, पात्याला कोन मोजायचं गेज लावलं आणि रिमोट चालू केला. थरथरणारा अंगठा स्टिक किती हलवेल, याचा त्याने अंदाज बांधला. एकदम खाली गेली तर यंत्र जमिनीवर आदळणार. म्हणून त्याने रेघेचं खालचं टोक वर उचललं. उणे चारचं अधिक एक केलं. वरचं टोक खाली आणलं. आता हात कितीही कापला तरी यंत्र अलगद चढणार, अलगद उतरणार. मग त्याला कळ आठवली. चुकून बोट लागलं आणि दुसरा खटका पडला तर? त्याने तिन्ही खटक्यांना तीच रेघ दिली.

वीरेंद्रला सांगायचं नाही, हे त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही. सांगायचा विषय त्याने काढला नाही.

रविवारी पहाटे रत्नपाल एकटाच आधी बांधीवर गेला आणि यंत्र उडवून पाहिलं. हवा पडलेली होती. हेलिकॉप्टर लोण्यासारखं उतरलं. त्याचं समाधान झालं. इतकी वर्षं या कामात घालवलेल्या माणसाने फाल्गुनातल्या पहाटेच्या हवेवर विसंबावं, हीच खरी चूक. उन्हं चढली की या भागात वारा सुटतो, हे शेळ्या चारणाऱ्या धुरपताबाईलाही माहीत होतं.

वीरेंद्र आला तोपर्यंत उन्हं चढली होती. रुख्माने त्याला पूजेशिवाय निघू दिलं नव्हतं. रिमोटचा पट्टा त्याने गळ्यात घातला. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने उचलून स्टिकवर ठेवली आणि हसला.

बांधीशेजारच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, पाळीवरून धुरपताबाई ओरडली, "काय गा ड्रायव्हर, लय दिवसानं! आज पन पाडता का पंखा?"

"पाडलं तं तुह्या बकरीवर पाडीन!" वीरेंद्र ओरडला. त्याचा आवाज असा मोकळा रत्नपालने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

हेलिकॉप्टर उठलं. डोक्याच्या उंचीवर थांबलं, मग झाडाच्या उंचीवर. थोडं डोलत होतं, पण थांबलं. रत्नपाल वीरेंद्रच्या खांद्याशी उभा होता. त्याला यंत्रापेक्षा अंगठा दिसत होता. अंगठा कापत होता, पण चुकत नव्हता. जे करायला हवं तेच करत होता.

"हाये का नाही?" वीरेंद्र म्हणाला. "हाये का नाही हात?"

"हाये."

मग वारा आला. बांधीतला भुसा उडाला, बोडीच्या काठची बेशरमाची झुडपं एका बाजूला झुकली. वाऱ्यात पाती जास्त उचलतात. हेलिकॉप्टर वर चढायला लागलं. वीरेंद्रने स्टिक खाली घेतली. यंत्र चढतच राहिलं. त्याने ती पार खाली ओढली, अगदी टेकेपर्यंत. अधिक एक अंशावरची पाती वाऱ्याला धरून राहिली. यंत्र उतरेना. वाऱ्याबरोबर बोडीकडे सरकू लागलं.

वीरेंद्रने बोटाने कळ सरकवली. एक खटका, दोन खटके. काहीच झालं नाही.

त्याने नजर यंत्रावरून काढली आणि आपल्या हाताकडे पाहिलं. बोट कळीवर होतं, अंगठा स्टिकवर होता, स्टिक तळाला होती. तरी यंत्र ऐकत नव्हतं. म्हणजे हातच खोटं सांगत होता. उजव्या स्टिकने यंत्र कलतं करून खाली आणता आलं असतं, वीरेंद्रने शंभरदा आणलं होतं. पण तो आता यंत्राकडे पाहतच नव्हता.

रत्नपालला सगळं दिसत होतं. "इकडे आण," एवढे दोन शब्द त्याच्या तोंडात आले. पण मित्राच्या गळ्यातला रिमोट ओढून घ्यायचा कसा, या विचारात तो उभा राहिला. बॅटरी उतरत गेली, मोटरचा आवाज खाली आला आणि बोडीच्या मध्यावर हेलिकॉप्टर एका कुशीवर होऊन पाण्यात पडलं.

"बुडलं वो माय," धुरपताबाई म्हणाली. या वेळी ती हसली नाही.

रत्नपाल चिखलात उतरून यंत्र घेऊन आला. दोन्ही पाती मोडली होती, सांगाड्यातून शेवाळ लोंबत होतं. वीरेंद्र बांधावर बसला होता.

"बोट हललं नाही, रत्नपाल," तो म्हणाला. "मले वाटलं हललं. पन हललं नाही."

"वारा होता, वीरुभाऊ."

"वारा तं नेहमीच राहते."

तिथे सांगता आलं असतं. रत्नपालने यंत्र पोत्यात गुंडाळलं आणि स्कूटरच्या मागच्या सीटला बांधलं.

वीरेंद्रने दुकानात येणं सोडलं. होळी झाली, कूलरचं काम सुरू झालं. टेबलावर जागा उरली नाही तेव्हा रत्नपालने हेलिकॉप्टर हुकाला टांगलं. एक दिवस रुख्मा आली. या वेळी ती आत येऊन स्टुलावर बसली.

"चेंडू दाबणं सोडलं त्याईनं," ती म्हणाली. "हात मांडीवर ठेवून बसतेत. जसा कोण्या दुसऱ्याचा हाये. डॉक्टर म्हणे, सोडलं तं आखडून जाईन. तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतेत."

रत्नपालने त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं आणि रिमोट घेऊन नागरा रोडला वीरेंद्रच्या घरी गेला. वीरेंद्र अंगणात खाटेवर होता. टीव्हीचा आवाज आतून येत होता.

"आता हे कायले आणलं?"

"चालू कर. पिचचं पान पाह."

वीरेंद्रने उजव्या हाताने पडदा चालू केला, पान काढलं. मग डावा हात मांडीवरून उचलला आणि बोटाने कळ सरकवली. खटका वाजला. रेघ तीच. पुन्हा सरकवली. खटका वाजला. रेघ तीच. तो आता रेघ पाहत नव्हता, बोट पाहत होता.

"तिन्ही सारख्या."

"हो."

"खाली उणे नाहीच."

"नाही."

"मी खाली ओढली होती?"

"पूर्ण. मी बाजूलेच उभा होतो."

"अन् कळ?"

"ती पन."

रुख्मा चहा घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. रत्नपालने वाटेत एक वाक्य तयार केलं होतं आणि त्या वाक्यात तिचं नाव होतं. तिला पाहून त्याने ते गिळलं.

"मग त्या दिवशी बोलला काऊन नाही?"

"मले वाटलं—"

"तुले वाटलं." वीरेंद्रचा आवाज चढला नाही. "डॉक्टरनं मले तोंडावर सांगितलं, का कटरे, आता तुले गाडी देत नाही. बरं वाटलं नाही, पन सांगितलं. तुवा तं गाडी देली अन् ब्रेक काढून ठेवला. वरतून मलेच विचार करत बसवलं, का माह्या हाताले काय झालं."

त्याने रिमोट बंद करून रत्नपालच्या हातात दिला. डाव्या हाताने दिला. चहा रत्नपालने उभ्यानेच प्यायला, कारण रुख्माने कप पुढे केला होता.

नंतर त्याने यंत्र पुन्हा उभं केलं. सांगाडा उकलून बोडीचा गाळ काढला, मोटर भरली, नवी पाती लावली. गेज लावून तिन्ही रेघा जुन्या जागी नेल्या. खालचं टोक उणे चारवर आणलं. तयार आहे असा निरोप रुख्माकडे दिला. चेंडू परत सुरू झाला, असं ती बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. निरोपाबद्दल काही म्हणाली नाही.

पार्सलं अजून येतात. नागपूरचा कोणी लिहितो, मुलगा शिकतोय, पिच जरा नरम ठेवा. रत्नपाल वरचं टोक हवं तेवढं नरम करतो. खालच्याला हात लावत नाही आणि का, ते लिहीत नाही.

वीरेंद्र आता ऑफिसला मोटरसायकलने जातो. जुनीच, गिअरची. दुकानासमोर गतिरोधक आहे. तिथे क्लच दाबावा लागतो, आणि क्लच डाव्या हाताला असतो. संध्याकाळी टेबलावर वाकलेल्या रत्नपालला ती गाडी आवाजावरून कळते. गिअर खाली पडतो, गाडी गतिरोधकावरून हळू उतरते, क्लच झटका न देता सुटतो. अशा वेळी रत्नपालचा तार गुंडाळणारा हात थांबतो. गाडी थांबत नाही. फाटकाच्या दिशेने आवाज गेला की तो विसरलेले वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजतो.