दत्तूची सही

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. आईला माहीत नव्हतं, आणि आता ती नाही. ऑफिसात ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला, त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — खरं तर कारण सांगता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

मी एका बांधकाम कंपनीत सेफ्टीचं काम बघते. कंपनी फार मोठी नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, एवढ्यातच आमची कामं. शाळा बांधतो, समाजमंदिरं बांधतो, खाली दुकानं आणि वर ऑफिसं अशा इमारती बांधतो. आमच्या कुठल्याही साइटवर आज गेलात तर उंचावर बेल्टशिवाय चढलेला माणूस तुम्हाला दिसणार नाही. हे माझ्यामुळे, असं सगळे म्हणतात. दोनदा सत्कार झाला माझा. शाल, श्रीफळ. नारळाच्या वड्या केल्या.

कामगार बेल्ट का घालतात, सांगू? मी त्यांना एक गोष्ट सांगते. नवीन साइट सुरू झाली की पहिल्या दिवशी सगळ्यांना गोळा करते आणि सांगते — आमच्या कोलशेतच्या शाळेच्या कामावर दत्तू नावाचा एक गवंडी होता. उत्तम कारागीर. त्याला बेल्ट दिलेला. सकाळी समजावलेलं, रजिस्टरवर त्याची सही आहे. पण त्याने बेल्ट काढून फळीवर टाकला. तिसऱ्या मजल्यावरून पडला. घरी बायको, दोन पोरं. — इथे मी थोडी थांबते. मागे कुणी गप्पा मारत असलं तर तेही गप्प होतात.

या गोष्टीतलं नाव खरं आहे. शाळा खरी, तिसरा मजला खरा, बायको आणि दोन पोरं खरी. उरलेलं —

थांबा. क्रमाने सांगते. नाहीतर परत ती गोष्टच सांगून मोकळी होईन, इतकी ती तोंडात बसलीय.

दत्तू सोलापूरकडचा. तिशीचा असेल, माझ्याच वयाचा. बायको-मुलं गावाला, आणि हा साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आणखी चौघांबरोबर राहायचा. बोलायला कमी. गिलावा करताना ओठ मुडपून घ्यायची सवय होती त्याला. त्याने केलेल्या भिंतीवरून हात फिरवावासा वाटायचा, आणि मी फिरवायचे. मी तेव्हा त्या एकाच साइटची सेफ्टी ऑफिसर होते. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी कामगारांना दहा मिनिटं धोके समजावून सांगायचे, रजिस्टरवर त्यांच्या सह्या घ्यायच्या, बेल्ट आणि हेल्मेट बघायची, हे माझं काम.

त्या आठवड्यात सोमवारी मी जुने बेल्ट बाद केले. शिवण उसवलेली होती. कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून कात्रीने कापून टाकले. तेवढं मात्र अगदी नियमाने केलं. मंगळवारी नवे आले. बारा बेल्ट, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, नारिंगी रंगाचे. आणि शुक्रवारी शाळेच्या ट्रस्टची माणसं इमारत बघायला येणार होती. फोटो निघणार होते. मला वाटलं, नवे बेल्ट त्या दिवशी नवेच दिसावेत. आत्ताच दिले तर तीन दिवसांत सिमेंटने माखतील. मी ते स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा लिहिते — कुणी सांगितलं नव्हतं.

मग तीन दिवस उंचावरचं काम बंद ठेवायला हवं होतं ना? हवं होतं. बंद करायचा अधिकार मला होता. पण बंद केलं असतं तर का बंद केलं, असं कुणीतरी विचारलं असतं.

बुधवारी सकाळी दत्तू साइट ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढून.

"मॅडम, नवं पट्टं आल्यात म्हणं. एक द्या की."

"परवा देते रे. पाहुणे येऊन जाऊ देत."

तो गेला. गुरुवारी पुन्हा आला. मी चहा पीत होते.

"आज छज्ज्याचं काम हाय, मॅडम. भाईर लटकून करावं लागतंय."

"उद्या देते म्हटलं ना. आजचा दिवस सांभाळून कर."

"बरं," तो म्हणाला.

स्टोअर तिथून वीसेक पावलांवर होतं. पर्स माझ्या खुर्चीला अडकवलेली होती. चहा गरम होता. यापेक्षा मोठं काही नव्हतं. मी कुठल्या काळजीत नव्हते, आजारी नव्हते, घरी भांडून आले नव्हते. मला उठायचा कंटाळा आला होता.

तो साडेअकराच्या सुमाराला पडला. आवाज फार मोठा नव्हता. सिमेंटची गोणी खांद्यावरून टाकली की येतो तसा. परांचीची एक फळी सरकली होती. सगळे धावले, मीही धावले. इंजिनिअरने त्याला कंपनीच्या गाडीत घातलं. डोळे उघडे होते त्याचे. गाडी गेली, तिच्यामागे रिक्षा करून चार-पाच जण गेले, उरलेले गेटवर जाऊन उभे राहिले. मागे कुणी नव्हतं.

मी स्टोअर उघडलं.

एक बेल्ट काढला. पिशवी फाडली. बेल्ट ओल्या वाळूत घोळवला, त्यावर सिमेंटचा हात पुसला, आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वाकून परांचीच्या फळीवर टाकला. नीट पडला नाही म्हणून काठीने पुढे ढकलला. उरलेले अकरा बेल्ट पिशव्यांतून काढून खुंट्यांना अडकवले. मग ऑफिसात येऊन रजिस्टर उघडलं. रोजची ती दहा मिनिटांची बैठक मी सोमवारपासून घेतलीच नव्हती. चारही दिवसांची पानं भरली. आधीच्या आठवड्याचं पान समोर ठेवून दत्तूची सही चार वेळा केली. तो शेवटी पेन जोरात टेकवायचा, 'दत्तू'मधल्या ऊकाराला शेपूट यायचं. तसं शेपूट काढलं. बाकीच्यांच्या सह्या संध्याकाळी त्यांच्याकडूनच घेतल्या. कशावर करतोय ते न वाचताच करायचे ते, नेहमीच.

दत्तू गेल्याचा फोन दुपारी सव्वादोनला आला. म्हणजे हे सगळं मी केलं तेव्हा तो जिवंत होता. हॉस्पिटलात कुणीतरी त्याच्याजवळ असायला हवं होतं, त्याचं नाव-गाव सांगायला. मला त्याचं गाव माहीत होतं.

साइट मॅनेजर दामले साहेबांनी मला एकच विचारलं, "त्याला बेल्ट दिला होता ना?"

"हो."

"आणि सही आहे?"

"आहे."

"मग झालं," ते म्हणाले. खोटं बोल, असं त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांना काही ठाऊक होतं का, हेही मला ठाऊक नाही. पोलीस आले, पंचनामा झाला, फळीवरचा बेल्ट खाली आणला, त्याचा फोटो निघाला. दत्तूबरोबरच्या गवंड्यांना बेल्ट नव्हते हे माहीत होतं, अर्थात. पण ठेकेदाराने त्यांना दुसऱ्याच दिवशी कल्याणच्या समाजमंदिराच्या कामावर हलवलं, आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. शाळेच्या ट्रस्टची भेट पुढच्या शुक्रवारवर गेली.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही याआधी कुठेतरी ऐकलं असेल. बांधकामावर असं होतं, लोक सह्या करतात, कागद रंगवतात. मला जे सांगायचं आहे ते पुढे आहे.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. सुनीता. बरोबर दीर होता. रात्रभर एसटीत बसून आलेली. दामले साहेबांनी मला सांगितलं, बाईमाणूस आहे, तुम्हीच बोला. मी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. ती रडत नव्हती. तिने मला एवढंच विचारलं, "पट्टा का बांधला नव्हता त्यांनी?"

काय काय बोलता आलं असतं मला? माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. गप्प बसता आलं असतं. तेवढ्यावर भागलं असतं, कारण नुकसानभरपाई तर मिळणारच होती, त्याचा याच्याशी संबंध नव्हता. पण मी म्हणाले, "आम्ही सांगितलं होतं, वहिनी. रोज सांगायचो. त्यांनी ऐकलं नाही."

तिने मान हलवली. नाही अशी. "ऐकायचे ते," ती म्हणाली. "सगळ्यांचं ऐकायचे. लहान पोराचंसुदिक."

आणि मी रजिस्टर तिच्यासमोर धरलं. कुणी मागितलं नव्हतं. ती सातवी शिकलेली होती. तिने गुरुवारची तारीख वाचली, विषय वाचला — उंचावर काम करताना घ्यायची काळजी — आणि सहीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग म्हणाली, "त्यांचीच हाय सही."

तिचा चेहरा बदलला तो त्या क्षणी. मी बघत होते. दुःख होतं तिथे राग आला. एवढं सांगून, सही घेऊनसुद्धा हा माणूस असा वागला? ती दिराला म्हणाली, "चला." मृतदेह ताब्यात घ्यायला गेले ते.

त्याने ऐकलं नव्हतं असं नाही. त्याने दोनदा विचारलं होतं. ऐकलं मी नव्हतं.

शाळा सुरू झाल्यावर सुनीताताईंना तिथेच मावशी म्हणून कामाला घेतलं. मीच शब्द टाकला ट्रस्टकडे. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं. मुलांना गावाहून आणून त्या कोलशेतलाच एका खोलीत राहायला लागल्या. मी पुढे सगळ्या साइट्स बघायला लागले, ती गोष्ट सांगायला लागले. पहिल्यांदा सांगताना कागदावर लिहून नेली होती. तिसऱ्या-चौथ्यांदा नाही. आता सांगताना मी मध्येच मोबाइलवर वेळही बघते.

गेल्या वर्षी त्याच शाळेच्या नव्या विंगचं काम आम्हाला मिळालं. त्यामुळे माझं तिथे जाणं वाढलं. एके दिवशी जिन्याच्या कठड्यावरून घसरणाऱ्या मुलांना सुनीताताई रागावत होत्या — "सांगितलेलं ऐकावं माणसानं. आमच्या मालकांनी ऐकलं नाही, ह्याच शाळेवरनं पडले." मुलं खाली उतरली. ही गोष्ट तिथेही चालते.

मग त्यांनी मला घरी बोलावलं. मोठा मुलगा ओंकार वीस वर्षांचा झालाय, माजिवड्याला एका कुरिअरवाल्याकडे गाडी चालवतो, हेल्मेट घालत नाही. "तुम्ही दोन शब्द सांगा, मॅडम. बापावर गेलाय. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

मी गेले. न जाण्याचं काय कारण सांगणार होते? एका खोलीचं घर, अगदी स्वच्छ. सुनीताताई चहासाठी दूध आणायला खाली उतरल्या आणि मी आणि ओंकार समोरासमोर बसलो. तो ओठ मुडपून बसला होता. भिंतीवर देवांच्या तसबिरी, शाळेतला त्याचा एक फोटो, बहिणीचा एक. बापाचा नव्हता. माझी नजर फिरताना त्याने बघितली असावी.

"आई लावत नाही," तो म्हणाला. "ट्रंकेत आहे. म्हणते, ज्याला पोरांची पडली नव्हती त्याला कशाला रोज बघायचं?" मग म्हणाला, "लहानपणी मी लय भांडायचो तिच्याशी, लाव म्हणून. आता नाही. बरोबरच आहे तिचं. बेल्ट दिलेला ना हो त्यांना, मॅडम?"

त्याने मला सरळ विचारलं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. जिन्यावर अजून पावलं वाजत नव्हती.

"दिला होता," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर आत काहीतरी होईल. छातीत कळ, हाताला कंप, काहीतरी. काही झालं नाही. मी त्याला हेल्मेटबद्दल सांगितलं. तो हो म्हणाला. सुनीताताई आल्या, चहा झाला, चांगला होता. निघताना त्यांनी ओंकारला माझ्या पाया पडायला लावलं, आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

तो आता हेल्मेट घालतो, असं त्या सांगतात.

हे त्यांना मी सांगितलेलं नाही. इथे लिहिलं म्हणजे त्यांना सांगितलं असं होत नाही, तेवढं मला कळतं. उद्या सांगेन, असंही लिहीत नाही. तसं काही माझ्या मनात नाही. सोमवारी नव्या विंगचा स्लॅब पडणार आहे आणि मला सकाळी सातला तिथे पोचायचं आहे. त्या वेळी गेटवर सुनीताताई असतात. मला बघितलं की त्या स्टुलावरून उठून उभ्या राहतात.