नळीवाले अण्णा

अख्ख्या बंगळुरात वाकडी नळी पाहून ज्यांचा जीव कासावीस होतो असे गृहस्थ एकच, आमचे अण्णा. हॉस्पिटलच्या बागेत माळ्याच्या पाइपाला पीळ पडलेला दिसला की हे चालता चालता वाकून तो सोडवणार. कॅन्टीनमध्ये डोसा मागवला की आधी आत शिरून गॅसची नळी सरळ करून येणार. शहाळ्यातला स्ट्रॉ कुठे दुमडला नाही ना, हे बघितल्याशिवाय घोट म्हणून घेणार नाहीत.

आमची ओळख झाली ती चिनूमुळे. माझी पाच वर्षांची लेक साध्या तापाने आजारी पडली आणि बघता बघता त्या तापाने तिच्या हृदयालाच गाठलं. तिचं रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू भरून ते पुन्हा अंगात सोडणाऱ्या यंत्रावर तिला ठेवलं. हृदय आणि फुप्फुसं, दोन्हींचं काम आता ते करणार होतं. ते सांभाळणारे हे अण्णा, मूळचे निपाणीकडचे. हातात टॉर्च घेऊन नळीनळीतून गुठळी शोधायचे आणि यंत्राशी अखंड गप्पा मारायचे. मोठ्या डॉक्टरांचा पाय नळीजवळ गेला तरी यांचं सुरू, "सर, स्वल्प सरका!" मी रडायला लागले की मला दोन नळ्या दाखवायचे. "हे काळपट जातंय, हे लालभडक येतंय. लाल येतंय तोवर कशाला रडालाय वो? जावा, इडली खाऊन या." मी निमूटपणे जाऊन इडली खायचे. त्या दिवसांत मला सगळा धीर त्या लाल रंगाचा आणि अण्णांच्या बडबडीचा होता.

मग यंत्राचा जोर उतरवून चिनूचं हृदय आपलं आपण चालतं का, हे बघायचा दिवस आला. अण्णा जोर थोडा थोडा कमी करत होते आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. मला ते सोसेना. "अण्णा, काहीतरी बोला ना!"

यंत्राच्या पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, "आता तिचं ऐकूया की वो."

हृदयाने काम उचललं.

गेल्या महिन्यात चिनूला तपासणीला नेलं, तेव्हा अण्णा दारातच भेटले. उड्या मारत येणाऱ्या तिच्याकडे बघतच राहिले. ती माझ्यामागे लपली. "आई, हे काका कोण?" सगळे दिवस ती औषधांच्या गुंगीत होती, तिला कुठून माहीत असणार! मी सांगणार तेवढ्यात अण्णाच हसून म्हणाले, "कोण नाही गं बाळ, असाच एक काका," आणि घाईने आत गेले. आत आणखी कुणाचं तरी मूल यंत्रावर होतं.

चिनूने त्यांना परक्या माणसाला करावा तसा टाटा केला.