मोठं माप
तापलेल्या लाखेचा वास आला, की धाकट्या बहिणीच्या लग्नातली बांगड्यांची खरेदी आठवते. चारमिनारजवळच्या दुकानात तिच्या हातात बांगड्या सरसर गेल्या. संधिवातानं सुजलेल्या माझ्या हातात मात्र एकही चढेना. “अम्माकू बडा नाप होना,” म्हणत दुकानदारानं माझी लाखेची बांगडी सैल करायला निखाऱ्यावर धरली. अम्मा! मी बहिणीहून फक्त दोन वर्षांनी मोठी. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, की या आजाराला वाट करून देणारा जनुकांतला फरक दोघींतही आहे. आजार झाला मला एकटीला. तिच्या निमुळत्या बोटांकडे बघत मी जळत बसले. काल तिचा फोन आला, “ताई, सकाळी मूठच मिटत नाही गं.” मी धीर दिला, पण त्याआधी मनात आलं, आता हिलाही मोठं माप लागेल.