अंतऱ्याआधीचं खाकरणं

अकरावं पोरगंही खाकरलं, तेव्हा मी हातातला पेन टेबलावर आपटला.

लातूरच्या एका शाळेत पत्र्याच्या शेडमध्ये ऑडिशन चालू होती. भूकंपात हॉलच्या भिंती तडकल्या होत्या, म्हणून शेड. मी तेव्हा नांदेडला रेडिओवर संगीत विभागात होतो. एस्टोनिया नावाच्या देशातून पत्र आलं होतं. लहान मुलांची आंतरराष्ट्रीय गाण्याची स्पर्धा. एक मूल, एक नवीन गाणं, तीन मिनिटं. कॅसेट पसंत पडली तर मुलाला तिकडं बोलावणार. भूकंपानंतर घरं बांधायला परदेशी मंडळी आली होती, त्यांतल्या एका बाईंनी आमचा पत्ता दिलेला. हा देश कुठं आहे ते ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "असंल रशियाच्या अंगाला. तुम्ही गाणं बघा."

गाणं बघता बघता अर्धा जीव गेला. कविता मागवल्या तर पोतंभर आल्या. बाहेरच्यांना भूकंपच पाहिजे असं समजून सगळ्यांनी धाय मोकलून रडून ठेवलेलं. दोन कविता बोर्डात येण्यावर होत्या. शेवटी मुखेडच्या एका मास्तरांची साधी कविता सापडली. नव्या गावात आणलेली शेळी रोज संध्याकाळी जुन्या गावची वाट धरते, एवढंच. चाल मी लावली. मग गाईड कॅसेट भरली, म्हणजे मुलांनी ऐकून शिकावं म्हणून गाणं एकदा स्वतः गाऊन ठेवलं, आणि शाळांना पाठवून दिली.

आता ऑडिशनला काय चाललेलं? मुखडा, म्हणजे सुरुवातीच्या ओळी, पोरं बरी म्हणायची. मुखडा संपला की पुढचं कडवं, त्याला अंतरा म्हणतात. तो सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पोरगं "अंहं" करून खाकरायचं. एकाच जागी, एकाच आवाजात. पहिल्याला पाणी दिलं. तिसऱ्याला दटावलं. सातव्यानंतर जाहीर केलं की इथून पुढं खाकरेल तो बाद. तरी पुढची चार खाकरलीच.

बाराव्या नंबरला सुवर्णा. नववीतली, पुनर्वसनाच्या गावातली पोर. तोंड उघडलं आणि मी सरळ बसलो. असा आवाज वर्षावर्षात कानावर पडत नाही. म्हटलं, झालं काम. मुखडा संपला.

"अंहं."

मी तिच्या नावावर काट मारली.

तिचे वडील झेडपीचे शिक्षक. दारातून आत आले. "सर, पोरीचं काय चुकलं तेवढं सांगा. नंबर लागला तर गाणं, न्हाई तर सोमवारपासून अभ्यासाचा क्लास, सकाळ-संध्याकाळ, गाणं बंद. असं ठरलंय आमचं."

"खाकरली ती."

"मग? खाकरायचंच हाय की तिथं."

माझं डोकं फिरलं. "कुणी सांगितलं?"

तर मागून बिरादार सर पुढं आले. हे लातुरात गाण्याचा क्लास चालवायचे, आणि त्या दिवशीची सगळी पोरं यांच्याच क्लासची निघाली. त्यांनी खिशातून झेरॉक्स काढली. "नोट्स काढून दिल्यात मी सर." गाण्याच्या नोट्स! वाचल्या. 'मुखडा – दोन वेळा. खाकरणे – एक वेळा. अंतरा.' खाकरणे या शब्दाखाली रेघ मारलेली.

"अहो बिरादार सर, हे काय आहे?"

"कॅसेटमधी हाय ते. पोरांचे मार्क कटू नयेत म्हणून पक्कं करून घेतलं."

सुवर्णा खाली मान घालून म्हणाली, "सर, तुम्हीच खाकरलाव की."

टेप मागवला, कॅसेट लावली. मुखडा संपला आणि माझाच घसा सगळ्या शेडला ऐकू आला. मग आठवलं. रेकॉर्डिंगवाला विचारत होता, "परत घ्यायचं का?" आणि मी म्हणालो होतो, "चालतंय, गाईडच तर हाय." पोरांवर दिवसभर डाफरलो होतो. लाज वाटली. काट खोडली, सगळ्यांना परत बोलावलं आणि सांगितलं, "न खाकरता म्हणा."

एकालाही जमेना. तालाचं माप मात्रांत मोजतात. माझ्या खाकरण्यात नेमक्या दोन मात्रा गेल्या होत्या आणि बिरादार सरांनी त्या घोटून घेतलेल्या. खाकरणं काढलं की कुणी अंतऱ्यात आधी उडी मारायचं, कुणी मागं राहायचं. मी सुवर्णाचं नाव लिहिलं. निदान ती सुरात खाकरत होती.

नांदेडला रेकॉर्डिंगला दिवस गेला. साहेब चिडले. "अहो, काढा की ते खाकरणं."

"निघत न्हाई साहेब. पोरगी अडखळते."

"मग तसंच पाठवा. काय होईल ते होईल."

तसंच पाठवलं. काही महिन्यांनी पत्र आलं. कॅसेट पसंत. सुवर्णाला बोलावलं होतं. मी लातूरला फोन लावला. वडील म्हणाले, "क्लास किती दिवस बुडंल?" पण नाही म्हणाले नाहीत.

पत्रात खाली एक शंका होती. त्यांच्याकडचा तीस मुलांचा गट सुवर्णामागं गाणार होता आणि आमच्या कॅसेटवरून मराठी ओळी पाठ करत होता. सुरुवातीच्या ओळींनंतरचा तो आवाज एकट्या मुलीनं काढायचा की सगळ्यांनी?

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "काय कळवू?"

"सगळ्यांनी म्हणून कळवा," मी म्हणालो. "दोन मात्रा."

रिटायर होईपर्यंत गाईड कॅसेट भरायच्या आधी मी तांब्याभर पाणी प्यायचो.